औषध रोगासाठी, खंजिरी माणसासाठी



संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला म्हणजे आपण काय करतो? रोगट साल खरवडून बोर्डो मलम लावतो. पण तेवढ्याने भागत नाही. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे लागते, खतपाणी बघावे लागते. मलम रोगाशी झुंजते, निगा झाडाला उभारी देते. मलम न लावता नुसती निगा राखली तर झाड हातचे जाते, हेही आपणांस ठाऊक आहे.

कर्करोगाच्या रुग्णाचे असेच आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे रोगाशी झुंजतात. माणसाला उभारी देण्याचे काम पुष्कळसे घरच्यांवर आणि शेजाऱ्यांवर असते. त्या कामी गाणे, चित्र, शिवणकाम यांचा उपयोग कसा होतो ते या पाठात पाहू.

कलोपचार म्हणजे काय?

इंग्लंडमधील चित्रकार एड्रियन हिल यांना १९३८ साली क्षयरोगामुळे आरोग्यधामात राहावे लागले. तेथे ते अंथरुणावर चित्रे काढू लागले. पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी ती गोडी लावली. १९४२ साली त्यांनी या पद्धतीला कलोपचार असे नाव दिले. आज काही मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षित माणसे हे काम करतात.

२०२१ साली कर्करोगाच्या रुग्णांवरील संगीताच्या ८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत साडेपाच हजारांहून अधिक रुग्ण होते. प्रौढ रुग्णांची चिंता, वेदना आणि थकवा कमी होण्यास संगीताची मदत होऊ शकते, असे त्यात दिसून आले. संगीताने गाठ विरघळते असे मात्र कोणी म्हटलेले नाही. तसे सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

बायबलमध्येही हेच दिसते. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात दावीद वीणा वाजवतो आणि शौल राजाला आराम पडतो. पण त्याची व्यथा मुळातून जात नाही. पुढे ती परत येते. बायबल हेही लपवत नाही.

आपल्या मुलखातील उदाहरण

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आपल्या भागात घरोघरी ठाऊक आहेत. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले महाराज १९६८ साली कर्करोगाने गेले. पांढुर्णा-सौंसरकडचे रुग्ण नागपूरच्या ज्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात जातात, त्याला त्यांचेच नाव आहे. भजनाने गावे जागवणाऱ्या माणसाचे नाव कर्करोग रुग्णालयाला असावे, यात आपल्यासाठी एक शिकवण आहे. रुग्णालयाची वाट आणि भजनाची वाट एकमेकींच्या आड येत नाहीत.

आमची एक चूक

आमच्या धर्मग्रामातील एका ढोलकीवाल्याला खर्‍याच्या सवयीने तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर त्याला नीट बोलता येईना. आम्ही भेटीस गेलो आणि अर्धा तास धीराच्या गोष्टी सांगत बसलो. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी आम्ही एकट्यानेच बोलत होतो, हे आमच्या ध्यानी आले नाही. पुढच्या रविवारी गायनमंडळातील मुलांनी त्याच्या खाटेवर ढोलकी ठेवली आणि ती गाऊ लागली. तिसऱ्या कडव्याला त्याचा हात ढोलकीवर पडला. त्या दिवशी तो आमच्याशी बोलला असेच आम्ही मानतो.

घरी काय करता येईल?

१. रुग्णाला विचारा. त्याच्या आवडीचे गाणे त्याने निवडावे. त्याला शांतता हवी असेल तर तीही द्या.

२. किरणोपचार पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. नागपूरच्या मुक्कामात एक वही आणि रंगीत खडू सोबत असू द्या. चित्र चांगले आले की वाईट, यावर बोलू नका. 'हे काय आहे, सांगतोस का?' एवढेच विचारा.

३. आईला गोधडी शिवायची असेल तर लेकीने शेजारी बसावे. हातात काम असले म्हणजे मनातले बोलणे सोपे जाते.

४. भजनी मंडळाने किंवा जपमाळेच्या गटाने थोडाच वेळ बसावे. रुग्ण लवकर थकतो.

सावधगिरी

औषधोपचारानंतर काही दिवस रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी माती, शेण यांत हात घालू नये. मातीच्या मूर्ती पुढे केव्हातरी कराव्यात. सर्दी-खोकला असलेल्या गायकाने घरीच राहावे. बिंबिका कमी झाल्या असतील किंवा बोटे बधिर असतील तर सुई हाती देऊ नये. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेदना होत असतील तर डॉक्टरांना सांगून औषध घ्यावे. गाणे हा त्याला पर्याय नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, किंवा मरणाची भाषा येऊ लागली, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

रोग बरा होण्यापलीकडे गेला तरी सेवा संपत नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन अशाच रुग्णांची शुश्रूषा करते. आपल्या गावात तसे सदन नसेल, पण खाटेशेजारी बसण्याइतकी जागा प्रत्येक घरात आहे.

गटात विचार करण्यासाठी

१. आपल्या वस्तीत कर्करोगाचा रुग्ण आहे का? आपण त्याला शेवटचे केव्हा भेटलो?

२. आजारापूर्वी त्याला कशाची आवड होती?

३. झाडफुंकीच्या नादी लागून कोणी उपचार सोडले आहेत का? त्यांना परत रुग्णालयात नेण्यास आपल्यापैकी कोण सोबत जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका नावाने द्यावे, आणि ते नाव याच आठवड्यात आम्हांस कळवावे.