चौथ्या दिवशी गोळी सोडू नका

गेल्या पावसाळ्यात जतमधील एक किराणा दुकानदार दवाखान्यात आले. वय चाळीसच्या आसपास. छातीत धडधड, हाताला कापरे, पहाटे तीनला जाग आणि दिवसभर 'आपल्याला काहीतरी होणार' अशी धास्ती. ईसीजी, थायरॉईड, रक्त सारे तपासले. दोष निघाला नाही. हा चिंतेचा आजार होता. मी गोळी सुरू केली व आठवड्याने या म्हणून सांगितले. ते आले महिन्याने.

"डॉक्टरसाहेब, गोळीनं मळमळायला लागलं, धडधड उलट वाढली. मेडिकलवाला म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी आहे. चौथ्या दिवशी बंद केली."

चूक त्यांची नव्हती. पहिल्या आठवड्यात काय होते, हे मीच नीट सांगितले नव्हते. म्हणून आज सर्वच वाचकांना सांगतो.

सरट्रालिन, एसिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन ही औषधे नैराश्यासाठी आली, पण चिंतेच्या आजारातही ती उपयोगी पडतात. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर त्यांचे काम चालते. मात्र शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते. त्यामुळे सुरुवातीला मळमळ, पातळ शौच, तोंडाला कोरड, डोकेदुखी, झोप उडणे किंवा पेंग येणे असे त्रास होतात. काहींची बेचैनीही थोडे दिवस वाढते. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. गुण मात्र दोन ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर! शाळू पेरला की दुसऱ्या दिवशी कणीस शोधायला कोणी रानात जात नाही, तसेच हे आहे.

त्रास कमी व्हावा म्हणून एवढे करा :

१) डॉक्टर सहसा कमी मात्रेने सुरुवात करतात. लवकर गुण यावा म्हणून मात्रा स्वतः वाढवू नका.

२) गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी आणि पेंग येत असेल तर रात्री घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. पेंग येत असताना मोटारसायकल चालवू नका.

३) चहा कमी करा, दारू टाळा.

४) रक्त पातळ करणाऱ्या, अंगदुखीच्या वा इतर गोळ्या चालू असतील, किंवा गरोदरपण असेल, तर आधीच सांगा.

५) घरातल्या एका माणसाला हे सारे सांगून ठेवा.

'सवय लागेल' ही भीती अनेकांना असते. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची, ज्या काही जण चिठ्ठीशिवाय मागतात. या गोळ्यांची तशी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात. म्हणून बरे वाटल्यावरही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

काही लक्षणे मात्र सोसत बसू नयेत. जीव देण्याचे विचार येणे (पंचवीस वर्षांखालील रुग्णांकडे सुरुवातीला विशेष लक्ष ठेवावे), झोप नसूनही अतिउत्साह व वारेमाप बोलणे, अंगावर पुरळ किंवा सूज, काळे शौच, तापासह अंग ताठणे, वृद्ध माणूस गोंधळल्यासारखा वागणे. यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. ही सेवा 2022 साली सुरू झाली.

त्या दुकानदारांना मी पुन्हा, अर्ध्या मात्रेने गोळी सुरू केली. या वेळी त्यांच्या पत्नीलाही समोर बसवून सारे समजावले. मळमळ झाली, पण ती होणार हे दोघांनाही ठाऊक होते. सहाव्या आठवड्यात ते आले. पहाटे तीनची जाग गेली होती.

गोळी सोडावीशी वाटली, तर आधी दवाखान्याची पायरी चढा. सोडायची की बदलायची, ते मिळून ठरवू.