दुर्बीण दुरुस्तीला जाते तेव्हा

२०१८ साली भाच्याने अमेरिकेहून माझ्यासाठी आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण आणली. दोन वर्षांची बचत तिच्यात गेली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये मंगळ पृथ्वीजवळ आला, म्हणून पुण्यातल्या आमच्या गच्चीवर तिचं झाकण काढलं, तर पुढच्या काचेवर बुरशीचं जाळं. पुढच्या वर्षभरात जे शिकलो, ते हे.

१. पावसाळ्यात दुर्बीण पेटीत ठेवू नका.
प्रवासाच्या पेटीतला फोम ओलावा धरून ठेवतो. अंधार आणि दमट हवा मिळाली की बुरशी काचेवर पसरते आणि तिच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. वेळेत पुसली नाही, तर डाग कायमचे राहतात. माझी दुर्बीण चार महिने पेटीतच होती.

२. वॉरंटी कोणत्या देशात चालते, ते पैसे देण्याआधी विचारा.
इथल्या विक्रेत्याने बिल पाहिलं आणि हात वर केले. परत अमेरिकेला पाठवायची, तर जाण्या-येण्याचं भाडं, विमा आणि कस्टम्सची कागदपत्रं. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवल्याची नोंद नीट नसेल, तर परत येताना नव्या मालासारखं शुल्क मागितलं जाऊ शकतं. शेवटी मी इथल्याच एका दुरुस्ती करणाऱ्याकडे पैसे भरून ती दिली.

३. तारीख लेखी घ्या.
‘पंधरा दिवसांत देतो’ असं तोंडी सांगितलं होतं, लागले चार महिने. मधल्या काळात, २१ डिसेंबर २०२० ला, गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले की दुर्बिणीच्या एकाच दृश्यात दोघेही मावत होते. इतकी जवळची युती त्याआधी १६२३ साली झाली होती. मी ती शेजाऱ्यांच्या द्विनेत्रीतून पाहिली. शनीची कडी काही दिसली नाहीत. दुरुस्तीचे पैसे मी विसरलो, ती संध्याकाळ अजून विसरलेलो नाही.

४. पाठवण्याआधी पुरावा तयार करा.
काचेचे फोटो काढा, नट-बोल्टांची जागा टिपून ठेवा आणि एखादा ठळक तारा फोकसबाहेर नेऊन त्याचं चित्र घ्या. यातलं काहीच मी केलं नव्हतं. दुर्बीण परत आली तेव्हा काच लख्ख होती, पण प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटलं होतं. तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘आधीपासूनच तशी असेल.’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

५. पुढची काच म्हणजे नुसतं झाकण नव्हे.
ती करेक्टर प्लेट आरशांशी जुळवून बसवलेली असते. काढण्याआधी काच आणि नळी या दोन्हींवर पेन्सिलीची खूण हवी, आणि कडेचे कागदाचे किंवा बुचाचे बारीक तुकडे जसेच्या तसे परत बसायला हवेत. माझी काच फिरवून बसवली होती आणि ते तुकडे गायब होते.

६. माणसं जोडा.
आमच्या आकाशदर्शनाच्या गटातल्या एका काकांनी स्वतःच्या हाताने आरसे घासले आहेत. माझ्या काचेच्या कडेला कोरलेला क्रमांक त्यांनीच शोधला. तीन रात्री आम्ही काच थोडी थोडी फिरवत होतो आणि प्रत्येक वेळी तारा पाहत होतो. कागदाचे नवे तुकडेही त्यांनीच कापले. दुर्बीण घेण्याच्या आधीच अशा गटात जायला हवं होतं.

७. कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळवणी, स्वतः शिका.
दुर्बीण तासभर उघड्यावर गार होऊ द्या. उंचावरचा तारा फोकसबाहेर न्या. मधली काळी सावली प्रकाशाच्या वर्तुळात मधोमध यायला हवी. दुय्यम आरशाचे तीन स्क्रू अगदी किंचित फिरवायचे आणि एक घट्ट करताना दुसरा सैल करायचा. पहिल्यांदा माझे हात कापत होते. आता दहा मिनिटं पुरतात.

ऑक्टोबर २०२१ च्या एका रात्री शनी पुन्हा नेत्रिकेत आला, तेव्हा कड्यांमधली कॅसिनीची काळी फट स्पष्ट दिसली. काका शेजारी उभे होते. मी बाजूला झालो आणि आधी त्यांना पाहायला दिलं.

आता दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात दुर्बीण पेटीतून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद कपाटात ठेवतो. पुड्यांचे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून घेतो, आणि दर पंधरा दिवसांनी टॉर्चच्या उजेडात काच तपासतो.