मोटर मिनिटाला किती फेरे घेते?

फिरत्या मोटरचा वेग तिला स्पर्श न करता मोजता येतो. तिच्या दांड्यावर छोटा चुंबक चिकटवा आणि समोर दोन-तीन मिलिमीटरवर हॉल सेन्सर बसवा. एडविन हॉल यांना १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यात जे दिसलं, तेच इथे कामी येतं: प्रवाह वाहणाऱ्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र मिळालं, की पट्टीच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज तयार होतं. चुंबक समोरून गेला, की एक स्पंद. मध्ये धूळ-तेल आलं तरी बिघडत नाही.

खरी मेख मोजणीत आहे. समजा, मोटर ६०० आरपीएमने फिरते, म्हणजे सेकंदाला १० स्पंद. तुम्ही सेकंदभर स्पंद मोजलेत आणि एक जरी कडेला निसटला, तर उत्तर येईल ५४०. चूक तब्बल १० टक्के! त्यापेक्षा दोन स्पंदांमधला वेळ मोजा. तो ०.१ सेकंद भरेल. ६० भागिले ०.१ म्हणजे ६००. आर्डुइनो उनो हा वेळ ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत मोजतो, त्यामुळे चूक नगण्य.

माझं पहिलं यंत्र मात्र शून्यावरच अडून बसलं होतं. तासभर मी प्रोग्रामला दोष देत होतो. चुंबक उलटा लागला होता! ए३१४४ सारखा सेन्सर पुढून फक्त दक्षिण ध्रुव ओळखतो. शिवाय त्याच्या आउटपुटला पुल-अप रोधक हवाच (१० किलोओहम चालतो), नाहीतर आकडे वाट्टेल तसे नाचतात.

दांड्याचा तोल राखायला समोरासमोर दोन चुंबक लावलेत, तर एकाआड एक स्पंद धरा. ते हाताने अगदी समान अंतरावर कधीच बसत नाहीत.