कपाटातलं पिवळं कार्ड

२०२४ च्या जानेवारीत संक्रांत आटोपली आणि आम्ही चौघं हिंगणघाटहून गुलमर्गला निघालो. या सहलीसाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. धाकटीला बर्फात स्कीइंग शिकायचं होतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात वाढलेल्या पोरीला बर्फाचं वेड लागावं, यात नवल नाही. आज ती ठणठणीत आहे, म्हणूनच हे लिहायचं बळ आलं. आमच्याकडून जे राहून गेलं ते वर्धा जिल्ह्यातल्याच काय, साऱ्या विदर्भातल्या कुठल्याही घरात राहून जाऊ शकतं.

बुकिंग करताना विचारायचं ते सगळं विचारलं, असं आम्हाला वाटत होतं. गरम पाणी चोवीस तास मिळेल का, जेवण शाकाहारी असेल का, गंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं आधीच निघतील का. एजंटने छापील कागद हातात दिला. पहिल्या दिवशी विमानाने श्रीनगर, दुसऱ्या दिवशी गुलमर्ग, तिसऱ्या दिवशी सकाळी गंडोलाचा दुसरा टप्पा. त्या कागदावर कुठेच उंची लिहिलेली नव्हती आणि आम्हालाही ती विचारायचं सुचलं नाही.

हिंगणघाट समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, गुलमर्ग २,६५०. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, ३,००० मीटरच्या वर नेतो, आणि दुसरा अफरवत डोंगरावर, ३,९०० च्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. अशा विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. आम्ही घर सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी तिथे उभे होतो.

त्यातही घाई झाली ती बर्फ नसल्यामुळे. २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांना काश्मीरमध्ये चिल्लई कलान म्हणतात. त्या दिवसांत गुलमर्ग पांढरंशुभ्र असायचं. त्या वर्षी मात्र ते कोरडे गेले. टंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट आणि लांब कोट घालून आम्ही पिवळ्या पडलेल्या गवतावर उभे होतो, आणि स्की शिकवणारी मुलं पाट्या भिंतीला टेकवून उन्हात बसली होती. बर्फ पडला तो महिन्याच्या अखेरीस, आम्ही परत आल्यावर. "वर अफरवतला थोडा आहे," असं सगळेच सांगत होते. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही वर गेलो.

माथ्यावर बर्फ होता. धाकटी अर्धा तास खेळली, धावली, फोटो काढले. मग एका दगडावर बसली आणि म्हणाली, "आई, इथं दुखतंय." डाव्या बरगडीच्या खाली तिने तळहात दाबून धरला होता. आदल्या रात्री राजमा खाल्ला होता, म्हणून गॅस असेल असं मी धरून चालले आणि पर्समधला ओवा तिच्या हातावर ठेवला. तिने तो चघळला आणि लगेच उलटी केली. दुखणं डाव्या खांद्यापर्यंत चढलं. खाली जाणाऱ्या गंडोलासाठी रांग होती. तिच्या बाबांनी हात जोडले तेव्हा लोकांनी वाट दिली. केबिनमध्ये ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि तिचे ओठ कोरडे, फिक्कट दिसत होते.

श्रीनगरच्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली. प्लीहा, म्हणजे आपण जिला पांथरी म्हणतो, ती सुजली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कहाँ से आए हैं?" वर्धा म्हटल्यावर त्यांना कळलं नाही, म्हणून हे म्हणाले, "नागपूर के पास." त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, "घर में किसी को सिकलसेल है?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. धाकटी नववीत असताना शाळेत सिकलसेल तपासणीचं शिबिर झालं होतं. तिचं रक्त पुढच्या तपासणीला पाठवलं होतं आणि एक पिवळं कार्ड घरी आलं होतं: 'एएस', म्हणजे वाहक. ते मी वाचलं होतं. "काही नाही, ठीक आहे," असं तिला सांगून मी ते कपाटात साड्यांच्या खाली सरकवून ठेवलं. उद्या स्थळं येतील, चार लोक बोलतील, ही भीती होती. पाच वर्षांत ते कार्ड मी एकदाही बाहेर काढलं नाही. नणंदेला फोन करून खात्री करायची तर आमचे सगळे फोन प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. शेवटी टॅक्सीवाल्या दादांच्या फोनवरून बोलले. "वहिनी, सापडलं. एएसच लिहिलंय," नणंद म्हणाली.

डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावलं. वाहक असणं हा आजार नाही. बहुतेक वाहक आयुष्यभर धडधाकट राहतात, शेतात राबतात, खेळतात. पण खूप उंचीवर प्राणवायू कमी पडला की काही वाहकांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि पांथरीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं, दमछाक झाली, की धोका वाढतो. प्राणवायू, सलाईन आणि वेदनाशामक औषधांवर पाच दिवसांत ती सावरली. कार्ड सोबत असतं तर मुळात ती वर गेलीच नसती.

परत आल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. आपल्या भागातून दरवर्षी कितीतरी लोक अमरनाथला जातात. ती गुहा ३,८८८ मीटरवर आहे, अफरवतच्या गंडोलाइतकीच उंच. त्या यात्रेसाठी डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि वयाचीही मर्यादा आहे. गंडोलाला फक्त तिकीट लागतं. उंची तीच, पण एका वाटेवर आपल्याला तपासून पाठवतात आणि दुसऱ्या वाटेवर नाही. म्हणून ती तपासणी आपणच करायची. माझं सांगणं एवढंच आहे: सहलीची तयारी हॉटेलपासून सुरू करू नका, घरातल्या रक्ताच्या कागदांपासून करा.

सगळ्यांत आधी सिकलसेलची तपासणी. आपल्या विदर्भात हा दोष बऱ्याच कुटुंबांत आहे, आणि तो एकाच समाजापुरता नाही. वर्धेच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात चौकशी करा. पहिली साधी चाचणी दोष आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीतून कळतं, म्हणून तिथपर्यंत जा. एसएस म्हणजे रुग्ण असेल तर उंचीच्या सहलीचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नका. वाहक असेल तर किती उंचीपर्यंत जायचं ते त्यांनाच विचारा. दम्याचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनीही हेच करावं.

मग प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे उंचीचा आकडा लिहा. २,५०० मीटरच्या वर निरोगी माणसालाही डोकेदुखी, मळमळ, धाप, झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. श्रीनगरला एक-दोन रात्री, मग गुलमर्गला दोन रात्री, आणि वर जायचंच तर त्यानंतर. रोहतांग ३,९७८ मीटर आहे, आणि युरोपच्या सहलीत सगळे हौसेने जातात ते स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर. नियम तिथेही हाच. वर गेल्यावर पहिला तास धावायचं नाही. पाणी पीत राहायचं, थंडीत तहान लागत नाही म्हणून विसरायचं नाही. त्रास वाढला तर तिथे बसून वाट पाहू नका, खाली उतरा. सगळ्यांत पहिला उपाय तोच आहे. उंचीच्या त्रासावरची गोळी असते, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

बर्फाची हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. निघण्याच्या आठवड्यात ताजी परिस्थिती विचारा आणि तारखा बदलता येतील असंच बुकिंग करा. बर्फ नसेल तर श्रीनगर पाहून परत या. बर्फाच्या मागे उंची चढू नका. आणि बर्फ भरपूर असेल तर आखलेल्या उताराच्या बाहेर पाऊल टाकू नका. २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन परदेशी स्कीपटूंचे जीव गेले, आणि ती तर सरावलेली माणसं होती. शिकायचंच असेल तर गुलमर्गच्या खालच्या मैदानावर, प्रशिक्षकाकडूनच शिका. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथेच आहे.

निदान एक पोस्टपेड सिम घरातून घेऊन निघा. प्रवास विम्यात स्कीइंग धरलं आहे का, ते सही करण्याआधी वाचा. खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा आणि झोपताना तो विझवा. त्याचा विषारी वायू कळू न देता माणसाचा जीव घेतो.

आणि आयांनो, कार्ड लपवू नका. लग्नाच्या वेळीही त्याचा उपयोग लपवण्यात नाही, दाखवण्यातच आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी माहीत असेल तर त्या दोघांना विचार करून ठरवता येतं.

धाकटीचं स्कीइंगचं वेड अजून गेलेलं नाही. पुढच्या वेळी दुसरा टप्पा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि तिने ते मान्य केलंय. परवा तिने सामानाची यादी करायला घेतली. लोकरी मोजे, हातमोजे, काळा चष्मा, ओठांना लावायचं मलम. यादीत पहिल्या ओळीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: पिवळं कार्ड.