मार्चअखेर निघू दे, मग बघू

छोटे, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, एवढी मार्चअखेर निघू दे, मग उसंतच उसंत." दिवाळीतही हेच ऐकलं होतं, तेव्हा ऑडिट निघायचं होतं. रागावत नाही गं, काळजीने बोलते. पाच दिवस बारा-बारा तास, वर शनिवार-रविवार "फक्त मेल बघते" म्हणत गेलेली अर्धी-अर्धी दुपार. हिशेब तुझा विषय, तूच बेरीज कर. साठच्या वर जातात ना तास?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2021 चा अभ्यास सांगतो, की आठवड्याला 55 किंवा जास्त तास राबणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने दगावण्याचा 17 टक्क्यांनी जास्त असतो. आणि तुझ्या पुण्यातच जुलै 2024 मध्ये ती 26 वर्षांची सीए मुलगी गेली. केरळहून आलेली, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. लेकीवर कामाचं केवढं ओझं टाकलं होतं, अंत्यविधीला ऑफिसातलं कोणी फिरकलंसुद्धा नाही, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्रात लिहिलं. ते पत्र वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला मी ते दाखवलेलं नाही.

तू म्हणशील, आपण खान्देशची माणसं, आजोबांनी सालदारी केली, कामाला काय भ्यायचं? पण सालदाराचंही साल संपायचं की! अखाजी ते अखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत. त्या दिवशी जुना हिशेब मिटायचा, पटलं तर पुढचं साल ठरायचं, नाहीतर माणूस दुसरं घर बघायला मोकळा. त्या जिण्याचे गोडवे मी गात नाही, पिळवणूक होतीच त्यात. तरी काम कधी सुटणार ते कामाला लागण्याआधीच ठरलेलं असायचं.

आणि लेकीबाळींचं बघ. सासरी वर्षभर राबलेली बाई अखाजीला माहेरी यायचीच. गौराई, लिंबाला बांधलेले झोके, झोक्यावरची गाणी, आमरस आणि सांजोऱ्या. सासरी कुरडयांचा चीक गाळायचा राहिलेला असो की पापड लाटायचे, मुराळी दारात आला की तिने निघायचं. आधी काम आटोप, मग जा, असं म्हणायची सोय सासूलाही नव्हती. रीतच तशी होती. तुझ्या त्या टेबलापाशी कोणी मुराळी यायचा नाही, छोटे. तुझं तुलाच उठावं लागणार.

तर संध्याकाळी सातची वेळ धर. लॅपटॉप बंद करून बॅगेत आणि बॅग दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. नुसता मिटून टेबलावर ठेवलास तर नऊला परत उघडशील, मी ओळखते तुला. साहेबांना आधीच लेखी कळव, की सातनंतर तातडीचं असेल तर फोन करा, मेल मी सकाळी बघेन. फोन करायचा म्हटलं की बरंचसं तातडीचं आपोआप सकाळवर जातं. ऑफिस सुटल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रियाताई सुळेंनी 2018 मध्येच लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही, म्हणून तुझी रेघ तूच ओढायची.

आता जरा मनातलं बोलू? बाबा गेले, जळगावच्या घराला कुलूप लागलं, आई माझ्याकडे धुळ्याला आली, आणि तेव्हापासून तुझं काम वाढत गेलं. मला नाही वाटत की सगळं साहेबच देतात. काही तू मागून घेतेस. रिकामं बसलं की बाबा आठवतात, म्हणून बसायचंच नाही, असं काहीतरी चाललंय तुझं. तसं असेल तर कपाटातल्या बॅगेने काही होणार नाही, ते दुखणं कोणाशी तरी बोलावं लागेल. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तिथे बोलायला लाजू नकोस.

आणि माझ्याशी बोल. रात्री अकराला नको, तेव्हा तू नुसती हं-हं करतेस. शनिवारी दुपारी शाळेतून मी दीडपर्यंत घरी येते. जेवण झालं की आईही शेजारी असते. त्या वेळी कर.