नक्कल कोठे संपते, फसवणूक कोठे सुरू होते?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील दिघा येथे काय किंवा अन्यत्र काय, लहान कारखानदारापुढे एक प्रश्न नेहमी असतो. दुसऱ्याचा चांगला माल पाहून आपण तसाच बनविला, तर ती चोरी ठरते काय?

व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचारवंतांत यावर दोन मते आहेत. अमेरिकेतील स्टीफन किन्सेला हे स्वतः पेटंटचे वकील. पण २००१ साली त्यांनी पेटंट व कॉपीराइट हे दोन्ही हक्क नाकारले. आमची कातर कोणी नेली तर आमचे काम थांबते. आमची कापण्याची रीत कोणी उचलली तरी ती आमच्यापाशी राहतेच. मग चोरी कसली, असा त्यांचा युक्तिवाद. उलट, आयन रँड या लेखिकेच्या मते बुद्धीचे कष्ट हेही कष्टच. त्याचे फळ शोधकालाच मिळाले पाहिजे.

आता आपल्याकडचा दाखला पाहू. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला कंपनी काढली. १९७० च्या कायद्यानुसार औषधावर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनविण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनविणे कायदेशीर होते. २००१ साली त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्यापूर्वी श्रीमंत देशांत हाच खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. १ जानेवारी २००५ पासून मात्र भारतातही खुद्द औषधावर पेटंट मिळू लागले. संशोधनाचा खर्च भरून निघाला नाही तर नवे औषध शोधणार कोण, ही दुसरी बाजूही खरीच आहे.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे. दुसऱ्याचे नाव लावून आपला माल खपविणे ही ग्राहकाची फसवणूक होय. सिप्लाने आपला माल आपल्याच नावाने विकला.

आपण कोणतेही मत मानले तरी धंदा चालू कायद्यानेच करावा लागतो. पेटंट २० वर्षे टिकते. नोंदलेले डिझाइन १० वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे. ट्रेडमार्कची नोंदणी दर १० वर्षांनी नवी करता येते. म्हणून नवा माल काढण्यापूर्वी नोंदणी तपासावी. आपले डिझाइन असेल तर बाजारात दाखविण्याआधीच अर्ज करावा. एकदा उघड झालेल्या डिझाइनची नोंदणी सहसा होत नाही. आणि मालावर नाव आपलेच घालावे.