पायरी चढावीच लागते, पण काय घेऊन?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण घटस्फोटाला लागू पडत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली किंवा विशेष विवाह कायद्याखाली झालेलं लग्न मोडायचं तर, रूढीचा एखादा अपवाद सोडला तर, न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच, तिथे पायरी चुकत नाही. मात्र ती भांडण घेऊन चढायची की ठरलेल्या अटींचा कागद घेऊन, हे बरंचसं आपल्या हातात असतं. हा फरक मला उशिरा उमगला, म्हणून हे लिहितो आहे. लग्न संपल्याचा हुकूम ही एक गोष्ट. पैसा, घर, दागिने आणि मुलं यांचा वाद ही दुसरी. पहिली फक्त न्यायालय देऊ शकतं. दुसरी न्यायालयावर सोपवलीच पाहिजे असं कोणताही कायदा म्हणत नाही. तरीही आपण दोन्हींची एकच मोट बांधतो आणि मग तारखेमागून तारखेचे पैसे मोजत बसतो.

खर्च वाचवायचा म्हटलं की काहींना सर्वात आधी सुचते ती नोटरीसमोरची सोडचिठ्ठी. स्टँप पेपरवर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, गोल शिक्का, आणि काम झालं असं वाटतं. या कागदाने लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात रूढीने चालत आलेली काडीमोड कायदा मान्य करतो, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. बाकीच्यांनी अशा कागदावर दुसरं लग्न केल्यास त्यांच्यावर द्विभार्या किंवा द्विपती विवाहाचा गुन्हा येतो. खरा कमी खर्चाचा मार्ग परस्पर संमतीचा आहे. हिंदू विवाह कायद्यात तो 1976 साली कलम 13 ब म्हणून आला, विशेष विवाह कायद्यात कलम 28 मध्ये आहे. निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा, आणि सहा महिन्यांनंतर, अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा येऊन संमती कायम असल्याचं सांगावं. वकील मंडळी यालाच पहिलं आणि दुसरं मोशन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या अमरदीप सिंग निकालात ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी माफ करता येईल असं सांगितलं. ही माफी कधी? दोघं दीड वर्ष वेगळे असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असेल तेव्हा. म्हणजे वेळ वाचतो तोही अटी आधी ठरवणाऱ्यांचाच.

या अटींचा कागद, ज्याला कोर्टात सगळे कन्सेंट टर्म्स म्हणतात, तिथेच खरी मेहनत घ्यायला हवी. ‘वडिलांना मुलाला भेटता येईल’ हे वाक्य वाचायला गोड असतं आणि पहिल्याच दिवाळीत नवं भांडण उभं करतं. ‘महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत, दिवाळीची सुट्टी एक वर्ष आईकडे, एक वर्ष वडिलांकडे, आणायला-सोडायला वडील येतील’ हे वाक्य रुक्ष आहे, पण ते भांडण टाळतं. घराचंही तसंच. फ्लॅट तिच्या नावे आणि हप्ते तो भरणार, असं दोघांनी लिहिलं तरी बँक त्या कागदाने बांधली जात नाही. कर्जावर दोघांची नावं असतील तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही विचारते. म्हणून कर्जातून एक नाव कधी आणि कसं निघणार, तेही लिहायला हवं. मुलांची पोटगी आईबाप परस्पर सोडून देऊ शकत नाहीत, तो हक्क मुलाचा आहे. फौजदारी तक्रार दाखल झाली असेल तर ती तडजोडीने आपोआप मिटत नाही. ती रद्द करून घ्यायला सहसा उच्च न्यायालयात जावं लागतं.

यावर पहिली हरकत अशी की समोरचा तयारच नसेल तर? मग वादाचा अर्ज करावा लागेल, हे खरं. पण अर्ज केला म्हणून तडजोडीचं दार बंद होत नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 च्या कलम 9 नुसार समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचंच कर्तव्य आहे. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत त्यासाठी विवाह समुपदेशक असतात, आणि प्रकरण मध्यस्थाकडेही पाठवलं जातं. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय राहतं, ते पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे बसून बघण्यात फारसं जात नाही, आणि जमलं तर चालू दाव्याचं रूपांतर संमतीच्या अर्जात करता येतं. संमती शेवटच्या क्षणी मागे घेता येते, ही भीतीही खोटी नाही. हुकूमनामा होईपर्यंत तो अधिकार राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच म्हटलं आहे. त्यावर उपाय म्हणजे ठरलेली रक्कम एकदम न देता काही पहिल्या मोशनला, काही दुसऱ्याला अशी विभागून लिहिणं.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: तडजोडीत दुबळा दबतो, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. नवऱ्याचा पगार किती, गुंतवणूक कुठे, हे माहीत नसलेल्या बायकोने टेबलावर बसून काय मागायचं? म्हणूनच आकडे आधी आणि बोलणी नंतर. पोटगीच्या प्रकरणांत दोघांनी मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात बंधनकारक केलं. त्यातला नमुना तडजोडीच्या टेबलावरही मागता येतो, आणि तो भरायला नकार मिळाला तर तेही एक उत्तरच असतं. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींना आणि आणखी काही गटांनाही तो हक्क आहे, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 15100 हा त्याचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र टेबलाचा विचार नंतर. तिथे आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण घ्यावं. धाकाने दिलेली संमती ही संमती नसते.

वकील नकोच, असा याचा अर्थ नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 13 प्रमाणे त्या न्यायालयात हक्क म्हणून वकील उभा करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. तरी कागद सहीआधी एका जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावा. चार पानं तपासण्याची फी आणि चार वर्षं दावा लढण्याची फी यांत फरक आहे. वकिलाकडे जाण्याआधी मात्र घरी एक वही घ्यावी आणि पगार, हप्ते, दागिने, विम्याच्या पॉलिसी, मुलांची शाळेची फी हे सगळं आकड्यांत उतरवून काढावं. त्या पानांवर जे लिहिलेलं नसतं, त्यावरच पुढे तारखा पडतात.